सारजाबाईचा महजर

रणधीर पाटलाचा फोन रोज सकाळी साडेसातला यायचा आणि त्याचा प्रश्न एकच असायचा.

"बाई, राजे सापडलं का?"

विमलबाई त्या वेळी गॅसवर दूध ठेवून उभ्या असायच्या. "अजून नाही," असं सांगून फोन ठेवेपर्यंत रणधीर आणखी चार गोष्टी विचारायचा. कागद किती वाचून झाले, किती राहिले, आणि दुसऱ्या गठ्ठ्यात बघितलं का. तीन आठवड्यांत दोनदा दूध उतू गेलं, तेव्हा अंबादासराव म्हणाले, "फोन बंद करून ठेव. नाहीतर सांगून टाक, राजे सापडले, काशीला गेलेत."

अंबादासराव एसटीच्या तुळजापूर आगारातून निवृत्त झाले होते, आणि विमलबाई तिथल्याच एका शाळेतून. बाईंचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. त्यांच्याकडून बाई लहानपणीच मोडी शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर लोक जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. कुणाला जमिनीची हद्द बघायची असे, कुणाला दत्तकपत्र. पण एका शब्दासाठी अख्खी पेटी घेऊन आलेला रणधीर पहिलाच.

रणधीर त्यांचा विद्यार्थी. तामलवाडीपासून आत असलेल्या पिंपळदऱ्याचा. त्याला एकच मुलगी, राजनंदिनी. ती भूमला जनावरांची डॉक्टर होती. तिची सोयरीक मुरुमच्या आण्णासाहेब इनामदारांच्या उत्कर्षशी ठरली. पोरापोरींनी एकमेकांना पसंत केलं, जेवणं झाली, आणि सुपारी फुटायच्या वेळी आण्णासाहेब म्हणाले, "पत्रिकेत आमच्या नावापुढं 'श्रीमंत सरदार' येतं. तुमच्या नावापुढं काय टाकायचं?"

"आमी राजे," रणधीर बोलून गेला.

"असं का," आण्णासाहेब म्हणाले. "मग तसा काहीतरी कागद दाखवा. उद्या कुणी नाव ठेवायला नको."

घरी येऊन रणधीरनं माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी विमलबाईंच्या पुढच्या खोलीत आणून ठेवली. तीत कसर लागलेले दोनेकशे कागद होते आणि एक मेलेली पाल.

पेटी आल्याची बातमी फुटायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी रणधीरचा चुलतभाऊ दिग्विजय आला. तोही बाईंचा विद्यार्थीच. नववीत हे दोघं एका बाकावर बसायचे आणि एकमेकांची वही बघून लिहायचे. आता नऊ वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं.

"बाई, माजं एवढंच म्हणणं हाय," दिग्विजय खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला. "राजे सापडलं तर चांगलंच हाय. पण ते थोरल्या घराच्या पातीचं का धाकल्या, तेवढं नीट बघा. रणधीरला पोरगा न्हाय. किताब असा लेकीसंगं मुरुमला जात नसतो. तो माझ्या पोराकडं येतो."

"अरे, अजून सापडलाच नाही."

"सापडल्यावर म्हणतोय म्या."

नऊ वर्षांपूर्वी रणधीरचे वडील वारले, तिथून हे सगळं सुरू झालं होतं. चैत्री पौर्णिमेला गावात यमाईची जत्रा भरते. देवीपुढं पहिला नारळ फोडायचा मान पाटलाच्या थोरल्या घराचा, म्हणजे रणधीरकडचा. त्या वर्षी दिग्विजय आपल्या मुलाला पुढं करून म्हणाला की वंशाचा दिवा आता आमच्याकडं आहे. देवळातच धक्काबुक्की झाली. नंतर तोडगा निघाला तो असा, की पोलीस पाटलानं शिट्टी मारायची आणि दोघांनी एकाच वेळी दोन नारळ फोडायचे. नऊ वर्षं पिंपळदऱ्याची यमाई शिट्टीवर नारळ घेत होती.

विमलबाईंना हे सगळं ऐकताना डोकं धरावंसं वाटायचं. पण कागद जुने होते, आणि जुना कागद समोर आला की त्यांना राहवत नसे. त्या वाचत राहिल्या.

एका दुपारी रणधीर न सांगताच आला. बाईंनी लावून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं वरचंच पत्र त्यानं उचललं. शाळेत त्यांनी हौसेनं मोडीची चार अक्षरं शिकवली होती, तेवढी त्याला अजून येत होती.

"बाई, हितं हाय की. रा, ज... राजे."

"राजश्री आहे ते."

"म्हंजे राजेच की."

"नाही रे बाबा. त्या काळी पत्र लिहिताना सगळ्यांनाच राजश्री लिहायचे. राजमान्य राजश्री अमुक तमुक. आपण आता नावाआधी श्री लिहितो, तसं."

"सगळ्यास्नी?"

बाईंनी खालून एक कागद काढला. "हे बघ. करडई कधी गाळून देतोस म्हणून गावच्या तेल्याला लिहिलेलं पत्र आहे. त्यालाही राजश्रीच लिहिलंय."

रणधीर दोन्ही कागद आळीपाळीनं बघत बसला. आतल्या खोलीतून अंबादासराव म्हणाले, "आम्ही स्टँडवर माईकवरून सगळ्यांना प्रवासी मित्रहो म्हणायचो. म्हणून काय सगळे मित्र झाले?"

रणधीरला ते लागलं. "मास्तरीण बाईच्या घरी येऊन म्या चेष्टा करून घेतो," असं म्हणून तो उठला. दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "पर अजून खालचं कागद राह्यल्यात न्हवं? ते बगा."

खालच्या कागदांत महजर निघाला.

महजर म्हणजे गावकीचा निवाडा. वतनावरून तंटा झाला की आसपासचे पाटील, बलुतेदार, गावचे जाणते असे सगळे देवळात बसायचे, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे, आणि जे ठरेल ते लिहून त्याच्याखाली प्रत्येकजण आपली निशाणी करायचा. हा महजर सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा, एकाखाली एक कागद चिकटवून केलेला, चांगला दोन हात लांब होता. मधे घडीवर फाटला होता. विमलबाईंनी तो जमिनीवर पसरला, कडांवर वाट्या ठेवल्या आणि भिंग घेऊन चार दिवस वाचला. पाठ आखडली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या उठल्या आणि अंबादासरावांना म्हणाल्या, "अहो, यांचे मूळ पुरुष पाटील नव्हतेच."

"मग कोण होते?"

"पाटलाचे जावई."

कागदात होतं ते असं. पिंपळदऱ्याचा बलभीमजी पाटील निजामाच्या चाकरीत स्वारीवर असताना वारला. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, म्हाळसा. ती बलभीमजीच्याच पागेतल्या एका बारगिराला दिली होती. बारगीर म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचं घोडंही नाही, मालकाच्या घोड्यावर बसून चाकरी करतो तो. बलभीमजी गेल्याबरोबर त्याचे भाऊबंद पाटीलकी मागायला उभे राहिले, आणि त्याची बायको सारजाबाई गोतापुढं, म्हणजे निवाड्याला बसलेल्या सभेपुढं येऊन बसली. तिनं जे सांगितलं ते लिहिणाऱ्यानं तसंच्या तसं उतरवलं होतं.

विमलबाईंनी ते देवनागरीत उतरवून काढलं आणि रणधीरला फोन केला. साडेसात वाजायची वाट त्यांनी पहिल्यांदाच बघितली नाही.

रणधीर आला. आधी राजे आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर उरलेलं त्यानं उभ्यानंच ऐकलं. बारगीर शब्दाचा अर्थ कळल्यावर तो खाली बसला.

"त्येचं आडनाव काय व्हतं?"

"तिथंच फाटलंय. शेवटचं 'ळे' तेवढं शिल्लक आहे."

"ळे?"

"हो. काळे असेल, मुळे असेल, काहीही असेल. म्हाळसाचा मुलगा रामजी, त्याला पाटीलकी मिळाली, तेव्हापासून तुम्ही पाटील. तू आणि दिग्विजय दोघंही त्या रामजीचेच."

रणधीर उठून निघून गेला. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी दारात एकच गाडी थांबली आणि तिच्यातून रणधीर आणि दिग्विजय दोघं उतरले. विमलबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

दोघं शेजारी शेजारी बसले. घसा रणधीरनं साफ केला, बोलला दिग्विजय.

"बाई, आमचं दोघांचं असं ठरलंय, की हा कागद सापडलाच न्हाय."

"सापडलाय तर."

"व्हय, पर न्हाय सापडला असं समजायचं. बाकीचं कागद तुमी ठेवा, अभ्यास करा, काय बी करा. एवढा एक आमाला द्या."

"आणि त्याचं काय करणार?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ठेवू की घरात," रणधीर म्हणाला.

चाळीस वर्षांपूर्वी एकमेकांची वही बघून लिहिल्यावर हे दोघं याच चेहऱ्यानं समोर उभे राहायचे. विमलबाईंचा आवाज चढला. "नऊ वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाहीत. देवीच्या दारात मारामारी केलीत. आणि एकत्र आलात ते कशासाठी, तर स्वतःच्या पणजीला चुलीत घालायला."

"पाव्हणं काय म्हणतील, बाई," रणधीर म्हणाला. "आमी राजे म्हणून सांगितलं, आन् निघालं काय, बारगीर. त्यात बी घरजावई. त्यात बी आडनाव न्हाय."

"अरे, मग राजे म्हणून सांगितलंस कशाला?"

कागद त्यांचा होता. बाईंनी तो गुंडाळून, सुती कापडात बांधून रणधीरच्या हातात दिला. "कागद तुझा आहे, घेऊन जा. पण जाळलास तर लक्षात ठेव, मी तो वाचलाय. वाचलेलं काही मला परत देता येत नाही."

रविवारी राजनंदिनी आली. भूमहून एसटीनं येऊन स्टँडवरून चालत आली होती. पायातल्या बुटांना शेण लागलं होतं म्हणून ते तिनं पायरीवरच काढले.

"बाई, आबा आणि काका एका गाडीत बसून कुठं गेले होते ते मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "घरात दोघं एकत्र जेवतायत. आई घाबरलीय."

"तुझ्या वडिलांना विचार."

"विचारलं. म्हणाले, तुझ्या कामाचं न्हाय. माझं लग्न, माझी पत्रिका, माझ्या नावानं महिनाभर हा तमाशा चाललाय, आणि माझ्या कामाचं नाही. परवा एक म्हैस अडली होती, माझा हात खांद्यापर्यंत आत, आणि आबांचा फोन. का, तर राजेच्या आधी श्रीमंत लावायचं का नंतर. मला लग्नच नको म्हणावंसं वाटायला लागलंय. उत्कर्ष चांगला आहे, त्याचं काही नाही. पण ही सगळी माणसं."

विमलबाईंनी उतरवून काढलेले कागद आणले, कोम म्हणजे बायको एवढं आधी सांगितलं आणि सारजाबाईचं बोलणं वाचायला घेतलं.

"सारजाबाई कोम बलभीमजी पाटील, मौजे पिंपळदरा, परगणे नळदुर्ग, इणें गोतापाशी सांगितलें ऐसें जे, धनी चाकरीवर असतां अकरा सालें गाव म्यां राखिला. पाणी म्यां वाटिलें. तंटे म्यां तोडिले. दुष्काळांत पेरावयास बी म्यां दिल्हें. तेव्हां भाऊबंद कोठें होते. आतां धनी वारले तों सर्व जागे जाहले. वंश वंश म्हणोन बोलतात. माझी लेक काय वंशाबाहेरील आहे."

राजनंदिनीनं बाईंच्या हातातून कागद घेतला. मोठ्यानं नाही, ओठ हलवत स्वतःच तो पुन्हा वाचला.

"मग गावानं काय केलं?"

"गावानं तिचं ऐकलं. म्हाळसाच्या मुलाला पाटीलकी दिली. आणि तो मोठा होईपर्यंत यमाईचा पहिला नारळ सारजाबाईनं आणि म्हाळसानं फोडावा, असं लिहून दिलं. खाली बावीस निशाण्या आहेत."

राजनंदिनीनं एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढला, बूट घातले आणि गेली.

सोमवारी रणधीर आला तो रागातच.

"पोरीला कशाला वाचून दाखवलं तुमी? रात्रीपासनं घरात जेवली न्हाय. मला म्हणती, आबा, तुमी माझ्या लग्नासाठी राजे हुडकत व्हता का माझ्यापासनं सुटायला."

"असं म्हणाली?"

"आसंच म्हणाली." तो खुर्चीत बसला. राग बघता बघता ओसरला. "बाई, तुमाला न्हाय कळायचं. ही जन्मली तवा गावात कुणी पेढा मागितला न्हाय. माझं वडील गेल्यावर तर समोरच म्हणायला लागले, रणधीरच्या मागं दार बंद. दिग्या शिट्टीवर नारळ फोडतो ना, तवा दर वर्षी त्याचं पोरगं माझ्याकडं बघतं. मला वाटलं, एकदा राजे लागलं, आन् पत्रिकेवर छापून आलं, की लोक म्हणतील, दार बंद झालं खरं, पर राजाचं झालं. तेवढंच."

विमलबाईंना त्याची कीव आली, पण त्याआधीचा संतापही तसाच होता. दोन्ही एकदम बाहेर पडलं.

"रणधीर, तू नववीतही असाच होतास. गणिताचं उत्तर समोर लिहून ठेवलेलं असायचं आणि तू खिडकीतून बाहेर बघायचास. अरे, दार बंद होत नाही, हेच त्या कागदात लिहिलंय. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तुझ्याच घरात हेच झालं होतं. मुलगा नव्हता, लेक होती, भाऊबंद दारात उभे होते. आणि अख्ख्या गावानं बसून सांगितलं, की लेकीचं घर हेच पाटलाचं घर. तू आज जो पाटील म्हणून फिरतोस तो त्या लेकीमुळं. तो कागद तुझ्या माळ्यावर होता. तो मी तुला वाचून दाखवला. आणि तू तो लपवायला दिग्विजयला बरोबर घेऊन आलास. ज्याच्या विरुद्ध तो आहे त्यालाच."

अंबादासराव चहा घेऊन आले आणि कप रणधीरसमोर ठेवला.

"कागद आहे का जाळलास?" बाईंनी विचारलं.

"हाय. गादीखाली हाय."

"गादीखाली घडी मोडते. काढ तिथून."

तो चहा न पिताच गेला. आठ दिवसांनी फोन आला, पण संध्याकाळी.

"बाई, पौर्णिमेला गावाकडं या. गाडी पाठवतो. कागद वाचायचाय."

"कुणापुढं?"

"सगळ्यांपुढं. पाव्हण्यास्नी बी बोलावलंय. व्हायचं ते हू दे एकदा."

चैत्री पौर्णिमेला ऊन मरणाचं होतं. देवळापुढं मांडव घातला होता आणि दोन्ही पाटलांचे दोन फ्लेक्स कमानीच्या दोन बाजूंना लागले होते. दिग्विजयच्या फ्लेक्सवर नावाआधी छापलेलं 'श्रीमंत राजे' तसंच होतं. रणधीरच्या फ्लेक्सवर त्या जागी पांढरी पट्टी चिकटवली होती. आण्णासाहेब पुढच्या खुर्चीवर उपरणं सावरत बसले होते. उत्कर्ष मागं पिंपळाखाली उभा होता.

पोलीस पाटील शिट्टी घेऊन तयारच होता. रणधीर पायरीवर चढला आणि म्हणाला, "आज शिट्टी नको. आदी कागद ऐका, मग नारळाचं बगू."

दिग्विजय जागचा उठला. "रणधीर, आपलं ठरलं व्हतं."

"ठरलं व्हतं. म्या मोडतो."

विमलबाईंनी वाचायला सुरुवात केली. माईक कुईकुई करत होता, तो त्यांनी बाजूला सारला. पस्तीस वर्षं वर्गावर चाललेला आवाज मांडवाला पुरला. सारजाबाईचं बोलणं आलं तेव्हा बायकांच्या बाजूला खसखस पिकली आणि मग एकदम शांत झालं. नारळाचं कलम वाचून झाल्यावर दिग्विजय पुढं आला.

"हे सगळं खोटं हाय. कुणी बी कायबी लिहून ठेवतंय. ह्येला काय पुरावा?"

"खाली निशाण्या आहेत," बाई म्हणाल्या. "ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापल्या हत्याराचं चित्र काढलंय. शेजारच्या गावच्या पाटलांचे नांगर आहेत. हा हातोडा लोहाराचा. हा वस्तरा न्हाव्याचा. ही कातर धनगराची. शेजारी नाव आहे, मायाप्पा."

गर्दीतून एक म्हातारा वाट काढत आला. बिराप्पा त्याचं नाव, गावात सगळ्यात जास्त मेंढरं त्याची. त्यानं बाईंच्या हातातला कागद धरला नाही, फक्त तोंड जवळ नेऊन ती एवढीशी कातर बघितली.

"मायाप्पा आमचा," तो म्हणाला. "देवाला जेवाण घालताना सात पिढ्यांची नावं घेतो आमी. शेवटचं मायाप्पा." मग तो दिग्विजयकडे वळला. आवाज चढवला नाही. "पाटील, कागुद खोटा म्हंता. म्हंजे आमचा मायाप्पा देवीच्या दारात खोटं बोलला व्हय?"

दिग्विजय उत्तर देईपर्यंत लोहाराच्या घरचे पुढं आले होते. त्यांना हातोडा बघायचा होता. न्हाव्याच्या घरच्यांना वस्तरा. ज्याची निशाणी सापडली तो बिराप्पाशेजारी उभा राहत होता, आणि दिग्विजय ज्या ज्या तोंडाकडे बघत होता त्याचा आजा-पणजा कागदावर बसलेला होता. अर्ध्या गावाला खोटं ठरवल्याशिवाय कागद खोटा ठरत नव्हता, आणि पुढच्या वर्षी त्याला सोसायटीची निवडणूक लढवायची होती.

"आसंल," तो शेवटी म्हणाला. "पर ते त्या काळापुरतं व्हतं. पोरगं मोठं हुईस्तवर, असं लिवलंय."

"मग माझ्याकडं पोरगं न्हाय," रणधीर म्हणाला. "मोठं व्हायचा प्रश्नच न्हाय."

मांडवात हसू फुटलं. दिग्विजय हसला नाही. वाद अजून तासभर चालला असता, पण देवळातून शांतलिंग गुरव वैतागून बाहेर आला. सकाळपासून उपाशी होता तो. "आरतीची येळ टळून गेलीय," तो म्हणाला. "कुणी बी फोडा, पर फोडा. देवी कवाची ताटकळलीय."

राजनंदिनी बायकांतून उठली, वडिलांच्या हातातला नारळ तिनं घेतला आणि पायरीच्या दगडावर आपटला. पहिल्या फटक्यात तो फुटला नाही. दुसऱ्यात सरळ दोन भकलं झाली. घंटा वाजली, गुरव आत पळाला. दिग्विजय आपला नारळ तसाच काखेत घेऊन उभा राहिला, आणि आरती संपायच्या आत मुलाला घेऊन निघून गेला. बिराप्पा त्याच्या मागं हाक मारत गेला, पण तो थांबला नाही.

पालखी निघाल्यावर विमलबाई देवळाच्या मागच्या सावलीत टेकल्या. घसा बसला होता. तिथंही त्यांना सोडलं नाही. लोहाराची सून घरात अक्षरं कोरलेला एक तांब्याचा पत्रा आहे म्हणून सांगून गेली. दोघांनी आपापल्या आडनावाचा अर्थ विचारला. आण्णासाहेब येऊन म्हणाले, "बाई, कागद छान आहे. एक झेरॉक्स मिळेल का?" आणि मग हळूच, "तरी पत्रिकेवर काहीतरी टाकावंच लागेल हो."

"काही टाकायचं नाही," राजनंदिनी मागून येत म्हणाली. तिच्या हातात खोबऱ्याचे तुकडे होते. "पत्रिका मी काल छापायला दिली. माझ्या बाजूला आईआबांची नावं, बाकी काही नाही. तुमच्या बाजूचं उत्कर्षला विचारा. त्यानं काय दिलंय ते मला ठाऊक नाही."

आण्णासाहेब उत्कर्षला शोधायला पिंपळाकडे घाईघाईनं गेले.

राजनंदिनी बाईंच्या शेजारी बसली. "काका लग्नाला येतील का?"

"येईल. उशिरा येईल, मागं बसेल, पण येईल."

"आणि आता तरी हे सगळं संपलं ना?"

विमलबाई उत्तर देणार, तेवढ्यात मांडवातून रणधीरचा आवाज आला. मुरुमकडच्या पाहुण्यांना गोळा करून तो सांगत होता. "सारजाबाई म्हंजे साधी बाई न्हाय. घोड्यावर बसायची. हातात तलवार. निजाम बी चळाचळा कापायचा. राणीसरकारच म्हणायचे तिला, श्रीमंत राणीसरकार सारजाबाईसाहेब."

"घोड्याचं एक अक्षर नाही त्या कागदात," विमलबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "तलवार नाही. राणी तर मुळीच नाही. बघते मी त्याला."

राजनंदिनीनं त्यांचा पदर धरला. "बसा, बाई. आजच्या दिवस बोलू दे त्यांना."

विमलबाई बसल्या. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी रणधीरची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. तिच्यात अकरा चुका होत्या.